पेटी मागे, आवाज पुढे : उतारवयातल्या एका साध्या अल्बमचं प्रकरण

गायक-गीतकार, वय ७४. नाशिक, सिन्नर, निफाड, दिंडोरी या पट्ट्यात चाळीसेक वर्षं कार्यक्रम केलेले. ऐंशी-नव्वदच्या दशकात कॅसेटी निघालेल्या. त्यांत ढोलकी, तबला, बासरी, कोरस, सिंथेसायझर आणि वरून सढळ हाताने एको. आता त्यांना एक अल्बम करायचा आहे. स्वतः लिहिलेली, स्वतः चाल लावलेली गाणी आणि सोबतीला स्वतःचीच पेटी, बाकी कुणी नाही. सगळे त्यांना दादा म्हणतात, म्हणून इथेही दादाच. अकरा गाणी रेकॉर्ड झाली, नऊ ठेवली, एकूण लांबी ३८ मिनिटं. रेकॉर्डिंग नीट झालं होतं. तरी अल्बम बाहेर पडल्यावर दोनच तक्रारी फिरून फिरून आल्या: ‘आवाज बारीक येतोय’ आणि ‘शब्द कळत नाहीत’. ज्या अल्बममध्ये शब्द आणि आवाज यांखेरीज काही ठेवलेलंच नाही, त्याच्याबद्दल नेमक्या याच तक्रारी याव्यात म्हणजे घाव मुळावरच बसला.

दादा हे पात्र अभ्यासापुरतं उभं केलेलं आहे. खोलीचं गणित, यंत्रांचं वागणं, कायदा आणि नाशिकचे आवाज मात्र जसे आहेत तसेच घेतले आहेत.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. वाद्यं काढली की काम कमी होतं, हा समज खोटा आहे. ढोलकी काढली की तिने झाकलेलं सगळं उघडं पडतं: श्वास, कवळीची टिकटिक, भात्याची कुरकुर, पंखा, रस्ता. आणि हे सगळं सांभाळून झालं तरी शेवटचा टप्पा ऐकणाऱ्याच्या हातात असतो. असे अल्बम बहुधा तिथेच गळपटतात, कारण मिक्स करणारा शांत खोलीत बसलेला असतो आणि ऐकणारा नाशिकच्या गजबजलेल्या द्वारका चौकात सिग्नलवर.

दिवाणखान्यातलं रेकॉर्डिंग म्हणजे नेमकं काय

असा विषय निघाला की अमेरिकी गायक जॉनी कॅश यांचं नाव निघतंच. १९५८पासून ज्या कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीत ते होते, तिने १९८६मध्ये त्यांना सोडलं. पुढे रिक रुबिन या निर्मात्याने त्यांना आपल्या कंपनीत घेतलं. रुबिन तोवर रॅप आणि हेवी मेटलसाठी ओळखले जात. एप्रिल १९९४मध्ये ‘अमेरिकन रेकॉर्डिंग्ज’ आला. तेरा गाणी, कॅश यांचा आवाज आणि त्यांचीच गिटार. रेकॉर्डिंग रुबिन यांच्या लॉस एंजेलिसमधल्या दिवाणखान्यात आणि कॅश यांच्या टेनेसीतल्या केबिनमध्ये झालं. दोन गाणी वायपर रूम या क्लबातल्या कार्यक्रमातली. कॅश तेव्हा ६२ वर्षांचे होते. अल्बमला ग्रॅमी मिळालं आणि नव्या पिढीचा मोठा श्रोतावर्गही.

यातून लोक उचलतात ती गोष्ट एवढीच: घरी बसले, गायले, झालं. प्रत्यक्षात ढिगाने गाणी गाऊन पाहिली गेली. त्या वर्षांतली न वापरलेली रेकॉर्डिंग २००३च्या शेवटी पाच सीडींच्या संचात बाहेर आली, त्यावरून ढीग केवढा होता याचा अंदाज येतो. निवडलेल्या तेरांत टॉम वेट्स, लेनर्ड कोहेन, निक लो यांचीही गाणी होती. आणि १९९६च्या पुढच्याच अल्बमवर रॉक गायक टॉम पेटी यांचा अख्खा बँड वाजला. म्हणजे साधेपणा हे व्रत नव्हतं. जे गाणं एकट्या आवाजावर उभं राहतं ते तसं ठेवलं, एवढंच.

दुसरं उदाहरण खुद्द कॅनडाचे कवी-गायक कोहेन यांचं. २०१६चा त्यांचा अल्बम निघाला तेव्हा ते ८२ वर्षांचे होते आणि पाठीच्या मणक्यांच्या दुखण्याने घराबाहेर पडू शकत नव्हते. मुलगा अ‍ॅडम निर्माता. गायन घरच्या दिवाणखान्यात, खास खुर्चीत बसून झालं. सत्तरीपुढच्या गायकाबाबत खुर्ची हा रेकॉर्डिंगचाच भाग असतो. दादा आयुष्यभर मांडी घालून गायले. आता मांडीवर वीस मिनिटांत गुडघा बोलू लागतो आणि माणूस नकळत पुढे झुकतो. झुकला की पोट दबतं, दम तुटतो, शिवाय तोंड मायक्रोफोनच्या जवळ जातं. उपाय साधा: हात नसलेली, न कुरकुरणारी लाकडी खुर्ची, पाय जमिनीला टेकलेले, पेटी समोर गुडघ्यांच्या उंचीच्या टेबलावर. टेबलाखाली सतरंजी दोन घड्या करून, म्हणजे भात्याचे हादरे फरशीत उतरत नाहीत.

आपल्याकडे एकट्या आवाजाची रीत नवी नाही. एकतारीवरचं भजन आहे, जात्यावरची ओवी आहे. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) स्वतः लिहून स्वतः गावोगाव गायले. पण तिथे समोर समुदाय असतो, ध्रुपद उचलतो, टाळी देतो. रेकॉर्डवर ध्रुपद उचलायला कुणी नसतं. दादांच्या अकरापैकी दोन गाणी याच कारणाने गळली. दोन्ही कार्यक्रमात हमखास चालणारी, दोन्हींत ध्रुपद लोकांनी म्हणायचं. एकट्याने चार वेळा म्हटलेलं ते ध्रुपद रिकाम्या सभागृहासारखं वाटत होतं.

खोली, आणि नाशिकचे आवाज

तीन जागा पाहिल्या. दिंडोरीकडचं द्राक्षबागेतलं घर आधी सगळ्यांना आवडलं, कारण रात्री तिथे टाचणी पडली तरी ऐकू येते. पण रेकॉर्डिंग डिसेंबर-जानेवारीत होतं आणि त्या दिवसांत बागेत पहाटेपासून ट्रॅक्टरवरचे ब्लोअर फवारणी करत फिरतात. त्यात ओझरचा विमानतळ आणि एचएएलचा विमान कारखाना जवळ. लढाऊ विमान गेलं की तो टेक सोडून द्यावा लागतो. दुसरी जागा कॉलेज रोडच्या मागचा फ्लॅट: लिफ्टची मोटर, वरच्या मजल्यावरचं मिक्सर, आणि लग्नसराईत डीजे. तिसरी जागा पंचवटीतल्या एका वाड्याचं माजघर. जाड भिंती, लाकडी तक्तपोशी, रस्त्याकडे खिडकी नाही. पहाटे काकडआरती, संध्याकाळी घंटा आणि आरत्या, म्हणून वेळ ठरली दुपारी दोन ते साडेचार. तिथला खरा शत्रू निघाला पारवा. रस्त्याची घरघर बरीचशी ८० हर्ट्झच्या (सेकंदाला ८० कंपनांच्या) खाली असते, फिल्टरने ती काढता येते. पारव्याचं घुमणं बरोबर माणसाच्या आवाजाच्या पट्ट्यात पडतं आणि कोणत्याही फिल्टरने निघत नाही. धाब्याखालच्या झरोक्यांना आदल्या आठवड्यात जाळी मारून घेतली.

देवळालीच्या तोफखाना प्रशिक्षण संस्थेचा (स्कूल ऑफ आर्टिलरी) सराव असेल त्या दिवशी शहराच्या काही भागांत धमाके येतात. कानाला ते क्षीण वाटतात, पण मायक्रोफोनला तो खालचा दणका स्पष्ट मिळतो आणि आलेखावर उंचवटा दिसतो. त्यासाठी मायक्रोफोन रबरी शॉक माउंटवर हवा आणि ८० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर) चालू.

थंडीचे दिवस निवडण्याचं कारण एकच: पंखा बंद ठेवता येतो. मे महिन्यात बंद माजघरात पंख्याशिवाय ७४ वर्षांच्या माणसाला दोन तास बसवणं हा अत्याचार आहे, आणि पंखा लावला तर सगळा अल्बम पंख्यावर ऐकावा लागतो. नाशिकची थंडी या कामाला देवाने दिलेली आहे. फक्त सत्राआधी अर्धा तास खोली शेगडी-हीटरने उबदार करून हीटर बंद करायचा. गार हवेत म्हाताऱ्या गळ्याला पहिली वीस मिनिटं जडच जातात.

आता खोलीचं गणित, कारण ‘शब्द कळत नाहीत’ची एक मुळी इथेच आहे. माजघर १२ फूट बाय १० फूट. समोरासमोरच्या भिंतींमध्ये ठरावीक कंपनं घुमतात. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर, ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला तर पहिलं घुमणं सुमारे ४७ हर्ट्झला, दुसरं ९४ला. १० फुटांचं दुसरं घुमणं ११२ला. ४७ला पुरुषाचा आवाज पोचत नाही, पण ९४ आणि ११२ला पोचतो. मायक्रोफोन भिंतीला लागून ठेवला की ही दोन्ही घुमणी पूर्ण ताकदीने येतात. दुसऱ्या घुमण्याचा दाब खोलीच्या एक चतुर्थांश अंतरावर जवळजवळ शून्य असतो. म्हणून मायक्रोफोन १२ फुटांच्या दिशेने भिंतीपासून ३ फुटांवर आणि १० फुटांच्या दिशेने भिंतीपासून अडीच फुटांवर. गायकाच्या पाठीमागे दोरीवर दोन गोधड्या. गोधडी खालचे स्वर शोषत नाही. ती फक्त वरची चकाकी आणि भिंतीवरून परतणारे ‘स’, ‘श’ कमी करते. खालच्यांसाठी जागा हलवणं हाच स्वस्त उपाय.

पट्टी कोणती?

दादा उमेदीत काळी दोनमध्ये, म्हणजे पेटीची दुसरी काळी पट्टी षड्ज धरून गात. वय झालं म्हणून सगळ्यांनी सुचवलं, पांढरी एक घ्या. तीन अर्धस्वर खाली. वरचे सूर सोपे झाले, पण मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) ९८ हर्ट्झवर आला, म्हणजे खोलीच्या ९४च्या घुमण्याच्या अगदी अंगाला. आवाज जाड, गढूळ झाला. आणि मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर इतका खालचा मूळ स्वर वाजतच नाही. कान त्याच्या वरच्या आवर्तनांवरून, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या त्याच्या दुप्पट-तिप्पट कंपनांवरून, अंदाज बांधतो. दमदार आवाजात ती आवर्तनं भरपूर असतात. म्हाताऱ्या, कुजबुजत्या आवाजात कमी. म्हणजे मंद्रातला शब्द फोनवर अर्धा गायब.

काळी एक घेतल्यावर मंद्र पंचम सुमारे १०४वर आला, ९४ आणि ११२च्या बरोबर मधल्या मोकळ्या जागेत. दुसरा फायदा पेटीचा. बहुतेक पेट्यांत ड्रोनच्या (स्वर सतत धरून ठेवणाऱ्या) खुंट्या काळ्या पट्ट्यांच्याच असतात. काळी एकचा षड्ज आणि पंचम, दोन्ही काळ्या पट्ट्या, त्यामुळे दोन्ही खुंट्या ओढल्या की सा-प आपोआप धरून राहतो. पांढरी एकमध्ये ही सोय नाही. या एका निर्णयाने निम्मं काम सोपं झालं.

कारण खरी अडचण पेटी होती. पेटी वाजवत गाणारा माणूस वर्षानुवर्षांच्या सवयीने गळ्यातली प्रत्येक जागा बोटांनी सोबत वाजवतो. दम कमी झाला की पेटी कुबडी होते: स्वर डळमळला की बोट आधी पोचतं. ऐकणाऱ्याला मग शब्दाच्या नेमक्या वर पेटीचा तोच स्वर ऐकू येतो आणि व्यंजनं बुडतात. पहिल्या दिवशीचं संभाषण जवळजवळ सगळ्या पेटीवाल्यांशी होतं तसंच:

‘दादा, ओळ चालू असताना उजवा हात नको. ओळ संपल्यावर भरा.’

‘आणि मला सूर कोण देणार? तू?’

‘खुंट्या ओढल्यात. सा-प चालूच आहे.’

‘बघू.’

दोन गाण्यांनंतर ते रुळले. ओळींमध्ये रिकामी जागा निर्माण झाली आणि तिथे पेटीचे छोटे तुकडे इतके नेमके बसले की कॅसेटमधल्या बासरीची आठवणही येऊ नये.

पेटीचे दोनच सूर-संच असतील तर एकच उघडा ठेवायचा, खर्जाचा बंद. भात्याला आतून चामड्याच्या सांध्यांवर थोडी टाल्कम पावडर लावली की कुरकुर कमी होते. पट्ट्यांचा खटका जास्त असेल तर दुरुस्तीवाल्याकडून खालचं फेल्ट बदलून घ्यायचं; हे रेकॉर्डिंगच्या किमान पंधरा दिवस आधी, कारण नवं फेल्ट आठवडाभर ताठर राहतं आणि बोटाला वेगळं लागतं.

मायक्रोफोन, कवळी आणि कानातला एको

एकच माणूस गातोय आणि वाजवतोय, म्हणून दोन मायक्रोफोन लावले तरी पेटी आवाजाच्या मायक्रोफोनमध्ये घुसतेच. इथे मुख्यतः समोरचंच ऐकणाऱ्या कार्डिऑइडऐवजी फिगर-एट पॅटर्न कामी आला. या पॅटर्नला समोरून आणि मागून ऐकू येतं, कडांकडून जवळजवळ नाही. मायक्रोफोन असा तिरका करायचा की तोंड समोर येईल आणि पेटी त्याच्या बहिऱ्या पातळीत. मागची बाजू उघडी असते, म्हणून तिसरी गोधडी त्या बाजूला. पेटी पूर्ण नाहीशी होत नाही, भिंतीवरून थोडी येतेच, पण ती मागे सरकते. पेटीचा स्वतंत्र छोटा मायक्रोफोन भात्याच्या विरुद्ध बाजूने, दीड फुटावर.

तोंडापासून अंतर २५ सेंटिमीटर. जवळ गेलं की २०० हर्ट्झखालचा भाग फुगतो. रेडिओवरच्या निवेदकासारखा गोडवा येतो आणि सगळ्यांना तो पहिल्यांदा आवडतो. तिसऱ्या गाण्याला कंटाळा येतो. पॉप फिल्टर (फुत्कार अडवणारी जाळी) तोंड आणि मायक्रोफोन यांच्या मध्ये, म्हणजे दादा झुकले तरी त्याला अडतील. रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. सर्वांत मोठी ओळ उणे १० ते १२ डीबीच्या (डेसिबल; शून्य ही वरची मर्यादा) आसपास. येतानाच कॉम्प्रेसर (मोठे आवाज दाबणारं यंत्र) नको.

कवळीबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून जरा सविस्तर. खालची कवळी सैल असेल तर ‘ट’, ‘ड’, ‘च’ नंतर बारीक टिक् येतो. ढोलकीखाली तो कधीच ऐकू येत नव्हता. काढून गायलं तर ‘त’ आणि ‘स’ बिघडतात. सत्राच्या सकाळी कवळी चिकटवण्याची पेस्ट आणि दर दोन गाण्यांनी कोमट पाणी, एवढ्याने बहुतेक टिक् जातात. तोंडाला चिकटपणा आला तर आंबट सफरचंदाची फोड. उरलेले टिक् हाताने, एकेक करून काढायचे. त्यासाठीच्या आपोआप चालणाऱ्या प्लगइनवर सोडलं तर ते खऱ्या ‘ट’ची धारही खातं.

दुसरी अडचण कानाची. वाढत्या वयात वरच्या कंप्रतेचं ऐकणं कमी होतं. दादांना हेडफोनवर स्वतःचा आवाज कोरडा, बोथट वाटायचा आणि ते म्हणायचे, ‘थोडा एको टाक रे.’ रेकॉर्डिंग कोरडं ठेवून फक्त त्यांच्या हेडफोनात थोडा एको दिला, एक कान उघडा ठेवायला सांगून. मिक्समध्ये ब्राइटनेस किती हवा याचा निर्णय मात्र त्यांच्या कानावर सोडला नाही. ही गोष्ट नाजूक आहे आणि आदराने सांगावी लागते, पण सांगावी लागते. नाहीतर सगळ्या अल्बमचे ‘स’ सुईसारखे टोचतात.

प्रत्येक गाण्याचे पूर्ण टेक तीनच. ओळ-ओळ तुकड्यांनी रेकॉर्ड करायचं नाही, कारण मागची पेटी जोडावर उघडी पडते. जोड फक्त श्वासावर. आणि श्वास कापायचा नाही. ओळींच्या मध्ये गेट (हळू आवाज आपोआप बंद करणारी सोय) लावून शांतता ‘स्वच्छ’ केली की खोलीचा बारीक आवाज जातो-येतो, आणि प्रत्येक ओळीआधी खड्डा पडल्यासारखं होतं. त्यासाठी रिकाम्या खोलीचा एक मिनिटाचा आवाज वेगळा घेऊन ठेवायचा, तोच भरायला वापरायचा.

‘आवाज बारीक येतोय’

तयार अल्बमची सरासरी पातळी होती उणे २० एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप; शून्याच्या जितकं जवळ तितकं मोठं), शिखर उणे १ डीबी. शांत खोलीत हे छान वाटतं: कुजबूज कुजबुजीसारखी, तान तानेसारखी. आता पुढचं पाहा. स्पॉटिफाय गाणी साधारण उणे १४वर आणू पाहतं. मोठी गाणी खाली आणतं. हळू गाणी वरही चढवतं, पण शिखराला जागा असेल तेवढीच. इथे शिखर आधीच वर, म्हणून चढायला जागा शून्य. यूट्यूब तर हळू गाणं सहसा चढवतच नाही. त्यामुळे दादांच्या गाण्याआधीचं आणि नंतरचं गाणं सहा डेसिबलने मोठं. माणूस एकदा आवाज वाढवतो, पुढच्या गाण्याला दचकून कमी करतो, आणि परत दादांकडे येत नाही.

शिखरं तपासली तर उणे १ला पोचणारी ठिकाणं मोजकी होती: पेटीच्या तुकड्याचा पहिला ठोका, दोन-तीन ‘प’ आणि ‘भ’चे फुत्कार, शेवटच्या गाण्यातली एक हाक. ही हाताने दोन ते चार डीबी खाली घेतली. मग ओळी हाताने सारख्या केल्या. मंद्रातल्या ओळींची शेवटची अक्षरं दीड-दोन डीबी वर, कारण दम संपत आला की मराठी ओळीचं क्रियापद नेमकं तिथेच पडलेलं असतं आणि अर्थही त्याच्यापाशी. नंतर २:१चा हलका कॉम्प्रेसर, फार तर दोन-तीन डीबी दाबणारा. अल्बम उणे १६च्या जवळ आला आणि कुजबूज कुजबूजच राहिली. उणे ९वर नेऊन ठोकला असता तर श्वास गाण्याएवढे मोठे झाले असते. म्हाताऱ्या माणसाचा श्वास गाण्याएवढा मोठा झाला की ऐकणाऱ्याला धाप लागते.

मिक्स मोनोत, फोनच्या एकाच स्पीकरवर ऐकून पाहिला. पेटीचा आणि गळ्याचा मायक्रोफोन मोनोत एकत्र आले की काही स्वर पोकळ होत होते. पेटीचा ट्रॅक दोन मिलिसेकंदांच्या आत पुढे-मागे सरकवत जिथे पोकळपणा सर्वांत कमी, तिथे ठेवला.

व्हॉट्सअ‍ॅपचं वेगळंच. कुणीतरी फोनसमोर फोन धरून व्हॉइस मेसेज करतो आणि तोच सगळ्या गटांत फिरतो. व्हॉइस मेसेज बोलण्यासाठी दाबलेला असतो. पेटीचे स्वर त्यात थरथरतात. लोकांना अडवता येत नाही. मग घरच्यांनीच चांगली एमपी३ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून आधी पाठवायची, सोबत शब्दांची पीडीएफ. पहिली फाइल जी पोचते तीच फिरते.

समोर बसलेले श्रोते

शहरात एका छोट्या सभागृहात अल्बम ऐकण्याचा कार्यक्रम ठेवला. गाणी रेकॉर्डवरूनच, दादा स्वतः श्रोत्यांत. खुर्च्या चाळीस, दोन स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, आवाज खुर्चीपाशी सुमारे ७० डेसिबल. पंखे बंद. येणाऱ्यांत साठीपुढचे बरेच, त्यांच्या कानाला ‘स’, ‘थ’, ‘फ’ कमी पोचणारच, म्हणून गाण्यांचे शब्द १६ पॉइंटात छापून प्रत्येक खुर्चीवर. कागद एका बाजूने छापलेला. सगळ्यांनी एकदम पान उलटलं की तो आवाज गाण्यावर येतो. आणि निवेदन नाही. मराठी कार्यक्रमात हे मान्य करून घ्यायला सर्वांत जास्त वेळ गेला. सूत्रसंचालकाने प्रत्येक गाण्याआधी तीन मिनिटं भावार्थ सांगितला की गाण्याला उरतं काय?

श्रोते दोन गटांत पडले आणि अपेक्षेप्रमाणे वयाने नव्हे. कॅसेटी पाठ असलेल्यांना जुनी तीन गाणी खटकली: ढोलकीची जागा आली की त्यांचे हात मांडीवर वाजायला उठायचे आणि समोर काहीच नसायचं. नव्या सहा गाण्यांबद्दल त्यांचीच तक्रार नव्हती. ज्यांनी दादांना पूर्वी ऐकलेलंच नव्हतं, त्यांना जुनं-नवं हा फरकही कळला नाही. म्हणजे साधेपणा खटकत नव्हता, आठवण खटकत होती. यावरून क्रम बदलला. आधी जुनं लोकप्रिय गाणं पहिल्या क्रमांकावर होतं, ओळखीचं म्हणून. ते चौथ्यावर नेलं. तोवर कान पेटीला रुळलेला असतो. जुन्या तिन्हींची लयही बदलली, किंचित संथ, म्हणजे मांडीवरचा हात आपोआप उठत नाही.

ढोलकी घालून एक ‘बोनस’ गाणं करा, ही सूचना आलीच. ती घेतली नाही. एका गाण्यात ढोलकी आली की बाकीची नऊ अपुरी वाटू लागतात.

जुन्या तीन गाण्यांचे कागद

कॅसेटवरच्या ध्वनिमुद्रणाचा हक्क कॅसेट कंपनीचा. ते ध्वनिमुद्रण इथे वापरलेलंच नाही, म्हणून तो प्रश्न नाही. पण शब्द आणि चालीचे हक्क त्या वेळच्या कराराने कंपनीला दिले होते का, हे कागद पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. गीतकार स्वतःच आहे म्हणून हक्क त्याचाच, असं गृहीत धरू नये. हक्क दिलेले असतील आणि परवानगी मिळत नसेल, तर कॉपीराइट कायद्याचं कलम ३१सी आहे: पहिलं ध्वनिमुद्रण झालं त्या वर्षानंतर पाच कॅलेंडर वर्षं उलटली की आगाऊ नोटीस आणि रॉयल्टी देऊन नवं गायन करता येतं. त्यात दोन अडचणी आहेत. रॉयल्टी वर्षाला प्रत्येक गाण्यामागे किमान ५०,००० प्रतींची धरून द्यावी लागते, जी घरगुती अल्बमला झेपणारी नाही. आणि शब्दांत-चालीत परवानगीशिवाय बदल चालत नाही. दादांनी एका गाण्याचं शेवटचं कडवं नव्याने लिहिलं होतं.

दोन गाण्यांचे हक्क कागदांवरून दादांकडेच निघाले. नव्या कडव्याच्या गाण्याचा करार मोघम होता, म्हणून कंपनीला पत्र गेलं. उत्तर येईपर्यंत ऑनलाइन अल्बम आठ गाण्यांचा ठेवला आहे. प्रत्येक ट्रॅकला आयएसआरसी क्रमांक (ध्वनिमुद्रणाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) आधीच घेतला आहे, नवव्यालाही. यूट्यूबवर जुनी चाल ओळखून आपोआप दावा लागू शकतो. तसं झालं तर पाठवायला दोन गाण्यांच्या करारांच्या स्कॅन प्रती आणि मूळ २४ बिट टेक, तारखांसकट, एका फोल्डरमध्ये काढून ठेवले आहेत. त्याची एक प्रत दादांच्या नातीकडे, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर.